बंद इंजिनाचे हँडल

गेल्या डिसेंबरात, सौंसर आणि लोधीखेडा यांच्या मधल्या आमच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत, एका जुन्या अँबॅसडरच्या स्टार्टिंग हँडलचा उलटा फटका बसून माझ्या थोरल्या भावाचा उजवा अंगठा बुडाशी मोडला आणि अंगठ्याखाली मनगटाच्या हाडाचे टोक तुटले. त्या वेळी इंजिन बंद होते. चावी भावाच्या खिशात होती. बॅटरी काढून ट्रॅक्टरला परत लावलेली होती. चारही प्लग बाहेर होते.

भाऊ संत्र्याची रोपे तयार करतो. जंबेरी या रानटी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बांधायचा, हे त्याचे काम. रोपाच्या सालीला आडवा आणि उभा असे दोन छेद द्यायचे, चाकूच्या बोथट टोकाने साल उचलायची, डोळा आत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने गुंडाळायचा. छेदाची खोली अंगठ्याच्या दाबावर ठरते. जास्त दाब पडला तर आतले लाकूड कापले जाते, कमी पडला तर साल सुटत नाही. डोळा आत सरकतो तोही अंगठ्याच्या पोटाने. भावाच्या अंगठ्याचे पोट एका बाजूला चपटे झालेले आहे. डोळे बांधण्याचा हंगाम थंडीतला असतो. त्या सकाळी तो निम्मासुद्धा झालेला नव्हता.

गाडी आमच्या काकांची. पांढुर्ण्यात त्यांचे कापडाचे दुकान होते. मुले पुण्याला गेली, दुकान बंद झाले आणि गाडी भावाकडे आली. दिवाळीनंतर ती चढावर धक्के खाऊ लागली. सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज यायचा आणि चार माणसे बसली की ओढ उरायची नाही. भावाने पांढुर्ण्याहून एका मिस्त्रीला बोलावले. हा मिस्त्री जीप आणि ट्रॅक्टरची कामे करतो, गावोगाव जाऊन करतो. त्याने गाडी ऐकली, बोनेट लावले आणि निकाल दिला.

"इंजन बसलं भाऊ. उतरवा लागते."

त्याच संध्याकाळी त्याने रोपवाटिकेतल्या शेडच्या लोखंडी अँगलला इंजिन उचलायचा चेन ब्लॉक टांगला, गाडीखाली शिरून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट गिअरबॉक्सपासून सोडवला आणि उरलेले काम दुसऱ्या दिवसावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने विचार बदलला. आमच्या भागात उतरवलेले इंजिन परत चढल्याची उदाहरणे थोडी आहेत. सावरगावात एका अंगणात अशी एक जीप उभी आहे. तिचे इंजिन माझ्या लग्नाच्या आधी उतरवले होते. आता तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.

"आधी कोणतं सिलेंडर हवा सोडून राहिलं ते पाहू," भाऊ म्हणाला. "हेड खोलून भागत असन तर इंजन कायले उतरवायचं?"

"काल सांगतलं असतं तर शाफ्ट खोललाच नसता न मी," मिस्त्री म्हणाला.

"काल दिमाग चालला नाही. आज चालून राहिला."

"एक दिवसाआड चालते का तुमचा?"

"तुह्या संगतीनं."

मी त्या आठवड्यात तिथेच होते. संत्र्याची तोडणी सुरू होती आणि वहिनीला मदत हवी होती. वहिनी शेडच्या दारात चहा घेऊन आली, दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, "दोघं मिळून एक लोखंड सोलून राहिले, अन् तिकडे संत्रा झाडावर पिचकून राहिला." चहा ठेवून ती तोडणीकडे गेली. पुढे जे झाले ते तिने पाहिले नाही.

पहिली तपासणी सरळ होती. ट्रॅक्टरची बॅटरी लावून इंजिन थोडा वेळ चालवले, गरम केले, मग चारही प्लग काढले. मिस्त्रीने एकेका प्लगच्या भोकात दाब मोजायचा मीटर घट्ट टेकवून धरला. मला स्टिअरिंगसमोर बसवले होते. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायचा आणि त्याने "मार" म्हटले की स्टार्टर फिरवायचा, एवढे माझे काम. पहिल्या सिलेंडरला काटा चढला आणि टिकला. दुसऱ्यालाही तसाच. तिसऱ्याला तो निम्म्यावर थांबला. चौथा पुन्हा ठीक.

मिस्त्रीने तिसऱ्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि परत मोजले. रिंगा झिजलेल्या असतील तर तेलाने फट बुजते आणि काटा वर जातो. काटा हलला नाही.

"रिंगा नाही," तो म्हणाला. "व्हॉल्व जळला असन, नाहीतर हेडचं पॅकिंग गेलं असन. नाहीतर मग तडा."

"तडा असन तर?"

"मंग उतरवाच लागते."

आता तिन्हींपैकी कोणते, हे ठरवायला बाहेरून हवा भरावी लागते. पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व बंद, आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा आत. मग ती कुठून बाहेर येते ते ऐकायचे. सायलेन्सरमधून आली तर धूर सोडणारा व्हॉल्व गेला. कार्बोरेटरमधून आली तर दुसरा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा तडा. मिस्त्रीकडे यासाठी घरी केलेले एक साधन होते. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्याने त्यात पाइप झाळला होता. हवा पंक्चरच्या दुकानातून आणलेल्या कॉम्प्रेसरची. तो टेम्पोत घालून आणला आणि शेडच्या दारात ठेवला.

हवा भरल्यावर पिस्टन खाली ढकलला जातो आणि इंजिन फिरते. ते फिरू नये म्हणून एरवी गाडी गिअरमध्ये टाकतात आणि चाकांना दगड लावतात. इथे शाफ्ट आदल्या दिवशीच सोडवलेला होता. गिअर आणि चाके यांचा संबंध उरला नव्हता. मिस्त्री म्हणाला, शाफ्ट परत जोडतो. भावाने गाडीखाली पाहिले, ग्रीस आणि धूळ पाहिली, आणि हँडल उचलले.

या गाडीला समोरच्या बंपरमधून आत जाणारे हँडल आहे. बॅटरी उतरली की ते फिरवून गाडी चालू करता येते. ते इंजिनाच्या पुढच्या टोकात अडकते. भावाचे म्हणणे असे की हँडल घट्ट धरले की इंजिन फिरणार नाही.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे विहिरीवरची डिझेल इंजिने अशाच हँडलने चालू करत. आता विजेचे पंप आले, तरी तशी दोन-चार इंजिने आजही आहेत. ते हँडल धरण्याची एक रीत आहे आणि ती घरोघरी लहानपणीच शिकवतात. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती मिटायचा नाही. इंजिनाने उलटी लाथ मारली तर हँडल बोटांतून निसटून जाते. अंगठा मिटलेला असेल तर ते अंगठ्यासकट जाते. मला ही रीत भावानेच शिकवली. विहिरीच्या काठावर उभे करून, माझा अंगठा धरून बाहेर काढत त्याने ती शिकवली होती.

त्या सकाळी त्याने हँडल मुठीत धरले आणि अंगठा मिटला.

मी ते पाहिले. मी म्हणाले, "दादा, अंगठा."

"अवं, हे चालू करून राहिलो का मी? बंद आहे ते. बॅटरी नाही, प्लग नाही. बंद इंजनाले कोण भेते?"

"हवा भरून राहिले न तुम्ही त्यात."

"म्हणून तर घट्ट धरून राहिलो. धराले अंगठा लागते, फिरवाले नाही लागत."

मिस्त्री बोनेटवर वाकलेला होता. तो म्हणाला, "बराबर आहे भाऊचं."

त्याने कपाशीच्या पऱ्हाटीची सोललेली काडी तिसऱ्या भोकात सोडली. भाऊ हँडल सावकाश फिरवू लागला. पिस्टन वर येतो तशी काडी वर येते. वर आली की थांबते. अडचण अशी की काडी थांबल्यानंतरही इंजिन थोडेसे फिरते आणि काडीला ते कळत नाही. त्या थोड्याशा अंतरात पिस्टनचा खरा माथा कुठे आहे हे काडीवरून सांगता येत नाही. माथ्याच्या पलीकडे असेल तर हवेने इंजिन सुलटे फिरते आणि हँडल आपोआप सुटे होते. माथ्याच्या अलीकडे असेल तर इंजिन उलटे फिरते, आणि मग हँडल सुटत नाही. ते इंजिनाबरोबर फिरते. हे मला नंतर कळले. त्या वेळी मला फक्त काडी थांबलेली दिसली.

"बस," मिस्त्री म्हणाला. काडी काढून त्याने पाइप बसवला.

माझे काम रेडिएटर पाहायचे होते. झाकण काढलेले होते. मी वाकून पाण्याकडे पाहत होते. भावाचे डोके माझ्या गुडघ्याजवळ होते, कारण तो बंपरसमोर उकिडवा बसला होता. मिस्त्रीने हवेचा कॉक अर्धा उघडला. इंजिनाच्या आत सू-सू आवाज सुरू झाला. कुठलाही भाग हलत नव्हता आणि आवाज येत होता. मला भीती वाटली. कशाची, ते त्या क्षणी सांगता आले नसते. भावाच्या हाताच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या.

"जोर लावून राहिलं का?" मिस्त्रीने विचारले.

"थोडंसं. धरलं आहे मी. तू ऐक."

मिस्त्री मागे गेला आणि जमिनीवर आडवा होऊन सायलेन्सरला कान लावला.

"बुडबुडे?" भावाने मला विचारले.

"नाही."

"नीट पाय."

"नाही आहेत, दादा. सोड आता."

"हवा अथी येऊन राहिली!" मागून मिस्त्री ओरडला. "सायलेन्सरमधून! व्हॉल्व आहे भाऊ, व्हॉल्व!"

भाऊ हसला. हे मला नक्की आठवते. त्याने मान माझ्याकडे वळवली आणि तो हसत होता. त्याच वेळी दारातल्या कॉम्प्रेसरची मोटर चालू झाली. टाकीतला दाब कमी झाला की ती स्वतःहून चालू होते. तिला कुणी हात लावला नव्हता. सू-सू आवाज चढला.

नंतर एक कोरडा आवाज आला. ओली फांदी नव्हे, वाळलेली फांदी मोडल्यासारखा. हँडल मी पाहिले नाही. ते जिथे होते तिथे नव्हते, आणि मग ते बंपरला आपटून खाली लोंबत होते. भाऊ मागे बसला होता. त्याने उजवा हात डाव्या हातात धरला होता आणि त्याकडे तो पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता.

"बाई," तो म्हणाला, "अंगठा आहे का पाय."

अंगठा होता. तो जिथे असायला हवा त्यापेक्षा खाली होता आणि मनगटाच्या बाजूला वळलेला होता. रक्त नव्हते. नखाचा रंग पांढरा होता. मी म्हणाले, "आहे."

"मले लागून नाही राहिलं. काहीच नाही लागून राहिलं."

मिस्त्री धावत आला, पाहिले, आणि कॉम्प्रेसरकडे धावला. त्याने आधी कॉक बंद करायच्या ऐवजी पाइप ओढला. पाइप फुत्कारत शेडभर फिरला. त्या आवाजाने भाऊ दचकला आणि पहिल्यांदा कण्हला. मिस्त्रीने मोटर बंद केली. मग तो हँडलकडे गेला, ते उचलले आणि कुठे ठेवावे ते न सुचल्यासारखा उभा राहिला.

"भाऊ, मी म्हटलं होतं न शाफ्ट जोडतो."

"हाव. म्हटलं होतं."

मी भावाला माझ्या गाडीत बसवले. वहिनीला तोडणीतून बोलावण्याइतका वेळ मी घेतला नाही. सौंसरच्या रस्त्यावर संत्र्याचे ट्रक उभे होते आणि हमाल क्रेट भरत होते. भाऊ नेहमी प्रत्येक ट्रकवर काहीतरी बोलतो. कुणाचा माल, कसा माल, कुठे चालला. त्या दिवशी तो बोलला नाही. तो डाव्या हाताच्या नखाने उजव्या अंगठ्याचे पोट टोचत होता. एकदा, परत एकदा. मी विचारले, कळते का. तो म्हणाला, "तू रस्ता पाय."

मी रस्ता पाहिला. क्लच नीट दबत नव्हता. मला हात मोडल्याची भीती नव्हती. हाडे जुळतात. मला त्या टोचण्याची भीती वाटत होती.

सौंसरच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला. एक्स-रे काढणारा ओळखीचा निघाला. त्याने विचारले, "मारपीट आहे का? तसं असन तर पोलिसात कळवा लागते."

"गाडीनं मारलं," भाऊ म्हणाला.

"चालत्या?"

"बंद."

त्याने भावाकडे नीट पाहिले. "पांढुर्ण्याची दगडफेकीची गोटमार तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते. हे डिसेंबरात कुठून आणलं?"

भाऊ हसला, पण हसताना त्याचे ओठ पांढरे होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात पट्टीत बांधला, दुखण्याचे इंजेक्शन दिले आणि नागपूरला न्यायला सांगितले. अंगठा बुडाशी मोडला आहे, तुकडा सरकला आहे, तारा घालाव्या लागतील, असे त्यांनी सांगितले. भावाने एकच प्रश्न विचारला. "चाकू धरता येईन का?" ते म्हणाले, हे नागपूरचे डॉक्टर सांगतील.

वहिनीचा फोन सावनेरच्या आधी आला. मी गाडी बाजूला घेतली. तिला मिस्त्रीने सांगितले होते.

"कोणता हात?" तिने विचारले.

मी सांगितले. फोन चालू होता, तिच्या मागे तोडणीच्या बायांचे आवाज येत होते. मग ती म्हणाली, "त्यांना फोन देऊ नको. मी रडली तर ते घाबरतीन." भावाला तिचा आवाज ऐकू येत होता. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

नागपूरला हाडांचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि भावाकडे न पाहता विचारले, "कोणत्या गाडीचं हँडल मारलं?"

आम्ही काहीच सांगितलेले नव्हते.

"असं मोडणं मी शिकत होतो तेव्हा जुने डॉक्टर दाखवायचे," ते म्हणाले. "मनगटाच्या या तुटण्याला 'ड्रायव्हरचं फ्रॅक्चर' म्हणायचे. हँडलच्या गाड्या गेल्या तसं तेही गेलं. तुम्ही कुठून घेऊन आलात?"

"सौंसरहून," भाऊ म्हणाला.

त्यांनी भावाला डोळे मिटायला लावले आणि एका टोकदार काडीने अंगठ्याला वेगवेगळ्या जागी स्पर्श केला. कळले की हो म्हणायचे. मागच्या बाजूला तो काहीच म्हणाला नाही. डॉक्टर पोटाकडे आले. बाजूला तो म्हणाला, "हो." मग बराच वेळ काही नाही. काडी तर लागत होती, मला दिसत होते. मी त्याला ओरडून सांगावे असे मला वाटले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी भिंतीकडे तोंड केले. मग भाऊ म्हणाला, "हो. असं वाटते. हो का?"

"तुम्ही सांगायचं," डॉक्टर म्हणाले.

"मंग नाही माहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तारा घातल्या. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. हाड जुळेल, असे त्यांनी सांगितले. नस ताणली गेली आहे, तुटलेली दिसत नाही, संवेदना येऊ शकते. चिमटीत ताकद किती येईल ते प्लास्टर निघाल्यावर कळेल. "काय करतात ते?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी "बरं" म्हटले आणि ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले. त्या "बरं"चा अर्थ काय, हे मी वहिनीला फोनवर सांगू शकले नाही.

हंगाम थांबला नाही, आणि मीही तिथेच राहिले. लोधीखेड्याहून डोळे बांधणारे दोघे आणले. भाऊ खुर्ची टाकून त्यांच्या मागे बसायचा. "खोल गेला," म्हणायचा. "साल फाडून राहिला तू ती, उचल तिले." एकदा त्यातल्या एकाने वळून म्हटले, "दादा, तुम्ही डोळे मिटून बसा न जरा. डोळ्यांचंच काम आहे, तर तुमचे बांधून टाकू का?" सगळे हसले. भाऊही हसला. संध्याकाळी तो बांधलेल्या रोपांतून एकटाच फिरायचा आणि प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांनी एकेक पट्टी चाचपायचा. अंगठा प्लास्टरच्या आत होता. रात्री त्याच्या खोलीतला दिवा चालू असायचा. वहिनी मला म्हणाली, ते झोपत नाहीत, अंगठ्याला विचारत बसतात. काय विचारतात, हे तिने सांगितले नाही.

मिस्त्री नाताळच्या सुमारास आला. आधी तो फाटकातच उभा राहिला. भावाने हाक मारल्यावर आत आला.

"आता काय इंजन उतरवाले आला का?"

"नाही भाऊ. हेडच खोलतो. तेवढंच काम आहे."

त्याने हेड खोलले. तिसऱ्या सिलेंडरचा धूर सोडणारा व्हॉल्व एका कडेला जळून झडलेला होता. तडा नव्हता. पॅकिंग शाबूत होते. इंजिन उतरवण्याची गरज नव्हती आणि ते उतरवले नाही. चेन ब्लॉक काढून नेला. नवा व्हॉल्व बसवून, शाफ्ट जोडून मिस्त्री म्हणाला, "भाऊ, चालू करू का? ऐका तुम्ही." भाऊ उठला आणि घरात गेला. गाडी चालू झाली. आवाज एकसारखा होता. भाऊ घरातून बाहेर आला नाही. त्यानंतर भाऊ त्या गाडीतून दोनदा पांढुर्ण्याला गेला, मागच्या सीटवर बसून. गाडीच्या समोरून तो जात नाही. शेडमध्ये जायचे असेल तर मागच्या बाजूने वळसा घालतो.

जानेवारीच्या अखेरीस प्लास्टर निघाले आणि तारा काढल्या. अंगठा बारीक झाला होता, पांढरा आणि सुरकुतलेला. डॉक्टरांनी एक कागद भावाच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये दिला. "धरा. मी ओढतो, सोडू नका." भावाने दात आवळले. डॉक्टरांनी ओढला. कागद निघून आला. कुठलाही जोर लावावा लागला नाही. परत दिला, परत निघाला. भाऊ स्वतःच्या हाताकडे असा पाहत होता, जणू तो हात शेजारी बसलेल्या माणसाचा आहे.

"व्यायाम करा," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच काही बोलता येणार नाही."

परतीच्या रस्त्यात भावाने विचारले, "तुले काय वाटते?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. त्याने मान हलवली. त्याला हे उत्तर चालले असावे. इतर सगळे त्याला होईल म्हणत होते.

घरी वहिनीने वाटाण्याच्या शेंगा त्याच्या पुढ्यात ओतल्या. "डॉक्टरनं सांगतला तो व्यायाम हाच," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी सोलाच्या. डाव्यानं एकट्यानं सोलली तर जेवण नाही." पहिले काही दिवस तो डाव्याने सोलत असे आणि ती लक्ष नसल्यासारखे करत असे. मग एका दुपारी शेंग उजव्या हातात फुटली. तिने पाहिले. मीही पाहिले. आदल्या दिवशी त्याच हातातून पाण्याचा पेला पडला होता.

संवेदना आली आहे. अंगठ्याच्या पोटाला खरबरीत आणि गुळगुळीत यांतला फरक कळतो, असे तो सांगतो. मागच्या बाजूला एक पट्टा अजून बधिर आहे. नागपूरच्या शेवटच्या भेटीत कागद ओढताना डॉक्टरांना थोडा जोर लावावा लागला. किती, ते त्यांनी सांगितले नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेरून आणलेले दोघे निघून गेल्यावर, भावाने कलमाचा चाकू मागितला. वहिनीने तो कपाटावरून काढून दिला आणि ती तिथून हलली नाही. तो वाफ्यात एका जंबेरीच्या रोपासमोर बसला. डोळ्यांच्या काड्या ओल्या फडक्यात होत्या. त्याने पहिला छेद घेतला. चाकू घसरला. त्याने रोप बदलले. दुसऱ्या रोपावर आडवा छेद आला, मग उभा. साल उचलताना अंगठा थरथरत होता. वहिनीने माझा दंड धरला. तिची नखे लागत होती. डोळा त्याने दोनदा खाली पाडला. तिसऱ्यांदा तो सालीखाली सरकला. पट्टीची गाठ त्याला मारता येईना, ती वहिनीने मारली. त्याने त्या दिवशी तेवढा एकच बांधला.

डोळा जगला की नाही हे पट्टी सोडल्यावर कळते. पट्टी अजून सोडलेली नाही.